पडद्याला ढील

क्लाइव्ह हॅडनने ती ट्रायम्फ विकत घेतली तेव्हा ती गाडी नव्हतीच. एका शेतकऱ्याच्या कोठारात पडलेला गंजका सांगाडा आणि सामानाची अकरा खोकी, एवढंच होतं. कॉव्हेंट्रीच्या बस डेपोत अडतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला त्याचं काय भय? निवृत्तीनंतरची सात वर्षं त्याने त्या सांगाड्यात घातली आणि एकसष्ट सालची ती दोन आसनी, उघडी गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. रंग मूळचा, चाकं मूळची, गाद्यांची शिवणसुद्धा होती तशी.

एकच दुखणं राहिलं. सपाट रस्त्यावर गाडी सुसाट पळायची, पण एज हिलचा चढ लागला की अर्ध्यावरच तिचा दम संपायचा. इंजिन खोकायचं, आचके द्यायचं आणि बंद पडायचं. पाच मिनिटं थांबलं की पुन्हा सुरू. चढावर इंजिनाला पेट्रोल जास्त लागतं आणि पंप तेवढं पुरवत नाही, हे क्लाइव्हला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पंपही मूळचाच होता. इंजिनाच्या कुशीला बसवलेला, मूठभर आकाराचा, डोक्यावर काचेची वाटी असलेला. इंजिन फिरलं की त्याची दांडी हलायची, दांडी आतला पडदा खाली ओढायची आणि त्या ओढीने टाकीतलं पेट्रोल वर यायचं. क्लाइव्हने तो दोनदा खोलला, नवा पडदा घातला, नव्या झडपा घातल्या. दोन्ही वेळा गाडी त्याच वळणावर उभी राहिली.

"विजेचा पंप बसव आणि मोकळा हो," जुन्या गाड्यांच्या क्लबाचा सेक्रेटरी टेरी म्हणाला. "आमच्यात सगळ्यांनी बसवलाय."

"तुमच्यात सगळ्यांना टक्कलही पडलंय," क्लाइव्ह म्हणाला. "म्हणून मी डोकं भादरून घेऊ?"

एप्रिलमधल्या एका शनिवारी क्लबाची मंडळी चर्चच्या हॉलमध्ये जमली होती. क्लाइव्हने बाहेर उभ्या गाडीतला पंप काढून आत आणला होता. कोपऱ्यातल्या टेबलावर जुना पेपर पसरून तो तिसऱ्यांदा त्याची जुळणी करत होता आणि चारपाच जण चहाचे कप हातात घेऊन बघत उभे होते. त्याने पडदा आत दाबला, पाव वळसा देऊन त्याची काडी खाचेत अडकवली, पंपाचे दोन्ही भाग खुणेला खूण जुळवून एकमेकांवर बसवले आणि कडेचे सहा स्क्रू समोरासमोरच्या जोडीने आवळायला घेतले. हात सफाईदार होता. बघणाऱ्यांनी माना डोलावल्या.

रिकामे कप गोळा करत एनिड प्रॉबर्ट तिथे आली. हॉलमधला चहा नेहमी तीच करायची. वय ब्याऐंशी, शरीराने चिमणीएवढी. चहा आणि केक यांपलीकडे तिच्याशी कुणाचं कधी बोलणं झालं नव्हतं. ती क्षणभर थांबली.

"असा आवळलास तर तो पडदा हलणार कुठून, बाळा?"

क्लाइव्हने वरही पाहिलं नाही. "चहा फक्कड झालाय, मिसेस प्रॉबर्ट," तो म्हणाला. दोघंतिघं हसले. एनिडने त्याचा कप उचलला आणि ती स्वयंपाकघरात निघून गेली.

जुळणी संपल्यावर क्लाइव्हने पंपाच्या तोंडावर अंगठा दाबला आणि दांडी हलवून पाहिली. ओढ जाणवली, पण लगेच सुटली. पुन्हा हलवली. पुन्हा तेच. मंडळी हळूहळू पांगली. म्हातारीचं वाक्य क्लाइव्हच्या डोक्यातून जाईना. पडद्याची गोष्ट तिला ठाऊक कशी? आपण तर तिच्यासमोर तो शब्दही काढला नव्हता. शेवटी त्याने पंप आणि स्क्रूड्रायव्हर उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मघाशी मी उद्धटपणा केला," तो म्हणाला.

"केलास," एनिड कप विसळत म्हणाली. "इथे ठेव. आधी ते फडकं घाल खाली, माझा ओटा आहे तो."

तिने हात पुसले आणि पंप उचलला. संधिवाताने वाकडी झालेली तिची बोटं त्याच्या कडेवरून फिरली तेव्हा क्लाइव्हला वाटलं, ही बाई या वस्तूला आपल्यापेक्षा जास्त ओळखते.

"पंधराव्या वर्षी लागले मी पंपाच्या कारखान्यात," ती म्हणाली. "अकरा वर्षं हेच. दिवसाला दोनशे पंप. पुढे लग्न झालं, पोरं झाली, सुटलं. चल, सहाही स्क्रू सैल कर. मला आता तो स्क्रूड्रायव्हर धरवत नाही, हात तुझेच लागणार."

त्याने स्क्रू सैल केले.

"आता नुसते टेकव. आवळू नकोस. हां. आता दांडी दाब. पूर्ण दाब, जाईल तिथवर. आणि तशीच धरून ठेव."

"धरून?"

"धरून आवळायचे. दांडी मोकळी सोडून आवळलास की पडदा ताणून बसतो, ढोलाच्या कातड्यासारखा. मग दांडीने ओढला तरी तो जाणार किती? अर्ध्या ओढीत अर्धंच पेट्रोल. सपाटीवर भागतं, चढावर नाही. पूर्ण खाली ओढलेला असताना आवळला की त्याला हवी तेवढी ढील मिळते."

अडतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या क्लाइव्हला कानशिलं तापल्यासारखी वाटली. त्याने बसचे सगळे पंप खोलले होते, पण ते वेगळ्या जातीचे. याचं माहितीपत्रक त्याने वाचलं होतं. ही ओळ असलीच तर त्याच्या नजरेतून सुटली होती. तो निमूटपणे दांडी दाबून धरू लागला, पण एका हाताने दांडी आणि दुसऱ्याने स्क्रू जमेना. एनिडने तळहाताची टाच दांडीवर ठेवली आणि सगळं अंग त्यावर टाकलं.

"आवळ. समोरासमोरचे. घाई नको."

सहा स्क्रू झाल्यावर तिने दांडी सोडली. "आता अंगठा लाव आणि दोनदा हलव. मग अंगठा न हलवता मोज. आम्ही पंधरापर्यंत मोजायचो. त्याआधी सुटला तर परत खोलायचा."

क्लाइव्ह मोजू लागला. पंप लहान मुलाने चोखावं तसा त्याचा अंगठा ओढून धरत होता. पंधरा झाले, वीस झाले, तिसाला त्यानेच अंगठा काढला.

"तुम्ही बनवलेल्या पंपांवर काही खूण असायची?" त्याने विचारलं. "याच्यावर शोधू या."

"खूण कसली? आम्ही काय चित्रकार होतो? पंप पेटीत, पेटी गाडीत, झालं."

दुपारी पंप बसवून झाल्यावर तो पुन्हा स्वयंपाकघरात आला. "एज हिलला जातोय. याल?"

एनिडने ॲप्रनवरच कोट चढवला.

चढ लागला. क्लाइव्हने गियर खाली टाकला आणि पाय दाबला. नेहमीचं वळण आलं. त्याचे कान इंजिनाच्या पहिल्या खोकल्याकडे लागले होते. वळण मागे पडलं, पुढचंही पडलं, आणि गाडी एका सुरात गुरगुरत माथ्यावर पोचली. त्याने कडेला गाडी थांबवली.

"बॉनेट उघड," एनिड म्हणाली.

ती वाकून काचेच्या वाटीकडे पाहत राहिली. वाटी काठोकाठ भरलेली होती, पेट्रोल नितळ. केसांची एक बट वाऱ्याने तिच्या तोंडावर येत होती, ती तिने बाजूला केली नाही.

"दिवसाला दोनशे," ती म्हणाली. "आणि असल्या गाडीत बसले ती आज. तेव्हा आम्ही मुली कामावर बसने जायचो."

क्लाइव्हने बॉनेट लावलं आणि तिच्यासाठी दार उघडून धरलं.

"परत सोडू तुम्हाला?"

एनिडने घड्याळ पाहिलं. "कोंबडी सहाला ओव्हनमध्ये घालायची आहे. पलीकडच्या उतारावर ही कशी धावते, ते बघायला हरकत नाही."

क्लाइव्हने गाडी पलीकडे उतरणाऱ्या बॅनबरीच्या रस्त्याला घातली.