काठाचा पट्टा

पुलावर घातलेल्या नव्या काँक्रिटच्या थरातून चकती कापून आणायची, दोन डब्यांच्या मध्ये घट्ट बसवायची आणि सहा तास वीज सोडायची. जितकी वीज आरपार जाईल, तितका खाडीचा खार पुढे आत झिरपणार आणि सळया खाणार. कल्याणच्या लहानशा लॅबमध्ये मृणाल नऊ वर्षं हेच करत होती. आकडा हजाराच्या आत राहिला की ती सही करायची आणि पूल वाहनांना खुला व्हायचा.

आज दुपारी दोनलाच मीटर तीन हजार दाखवत होतं. डब्याला हात लावला तर तो चांगलाच तापलेला. तिच्या मनात पाल चुकचुकली.

चकती कापून आणणारा महिपत दारातच चहा पीत होता. नेहमीचा दगडू पुतणीच्या लग्नाला गावी गेलेला, म्हणून या खेपेला हा आलेला.

"महिपतदादा, कुठून काढलीत ही?"

"मधूनच. ट्रकची चाकं जातात ना, तिथून. चुकलं काय मॅडम?"

"दगडू कुठून काढतो?"

"तो कायम कठड्याला लागून काढतो. नव्या रस्त्याला मधोमध भोक कशाला? कंत्राटदाराच्या माणसांना पण ठाऊक आहे. तेवढा पट्टा एकदम मन लावून घालतात!"

महिपत हसला.

संध्याकाळी मालक साईनाथ सर आले. शेवटचा आकडा होता चार हजार सातशे.

"उद्या सकाळी पूल सुरू व्हायचाय. दुसरी चकती मागवतो, काठाची. ही टाकून द्या."

"नाही सर. उद्या त्यावरून भरलेल्या बस जाणार. मी हाच आकडा लिहिणार."

ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते खुर्ची ओढून शांतपणे बसले.

"लिहा की. मग लोक विचारतील, आधीच्या अकरा पुलांच्या चकत्या कुठल्या? त्या सगळ्यांवर सही तुमची आहे, मॅडम. माझी एकही नाही."

तिने आकडा लिहिला, सही केली. सर निघून गेले.

मग तिने कपाटातून अकरा फायली काढल्या. तिसऱ्या फायलीतल्या पुलावरून तिची मुलगी सान्वी या घटकेला क्लासहून घरी येत होती.