तीन गंज्या आणि एक जावई

त्या वर्षी पेपरात रोज दोन देशांचं भांडण यायचं. एक म्हणे, आधी आमचे घातपाती हवाली करा, मग मैत्रीची बोलणी. दुसरा म्हणे, ते तर आमचे पाहुणे. आमच्या गावात पेपर शिळा यायचा, पण आमचं स्वतःचं तसंच भांडण ताजं होतं, आणि त्यात अडलं होतं लग्न माझं.

माझ्या बहिणीचा, सुभद्राचा नवरा शालिकराम नाल्यापलीकडच्या बोरखेडचा. ग्रामपंचायतीची निवडणूक हरला आणि रागाच्या भरात त्याने कडब्याच्या तीन गंज्या पेटवल्या. मग बायकोला घेऊन आमच्याकडे येऊन बसला. जळालेल्यातली एक गंजी खुशालरावांची. त्यांच्याच वच्छलाशी माझं ठरलं होतं.

खुशालरावांचा निरोप आला, "आंधी जावई धाडा, मंग पोरीचं बोलू."

माझ्या वडिलांनी उलट कळवलं, "जावई म्हंजे घरचा देव. देव कोनी ठाण्यात देते काय?"

देव दोन्ही वेळा पाटावर बसून हादडत होता. बोरखेडने आमच्या गुरांना नाल्याचं पाणी बंद केलं, आम्ही त्यांचा बाजाराचा रस्ता. मी शालिकरामच्या ताटात तूप वाढायचो आणि मनातल्या मनात शिव्या द्यायचो. वडिलांजवळ विषय काढला तर म्हणाले, "तुह्या लग्नापायी गावाची इज्जत इकू काय?"

सुभद्राला कोणी काही विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी तिने पेटी भरली. "जावयाले ठेवाचं तं ठेवा," ती वडिलांना म्हणाली. "मी माह्या घरी चालली. त्या लोकायत मलेच जिंदगी काढाची हाय. तुमची इज्जत तिथं मले पानी पाजते काय?"

झाली पंचाईत. बायको सासरी आणि नवरा सासुरवाडीत जेवतोय, म्हटल्यावर बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या. दुपारपर्यंत देवाला घास गिळवेना. पटका बांधून तो निघाला. त्याची पिशवी मीच आनंदाने नाल्यापर्यंत पोचवली.

पलीकडे, सुभद्रा परतली तेव्हापासूनच, खुशालराव शिपायाला घेऊन उभे होते. शालिकराम शिपायाबरोबर ठाण्यात गेला आणि खुशालरावांनी मला घरी चहाला नेलं. तारीख काढू म्हणाले.

गोठ्यात सुभद्रा त्यांच्या बैलांपुढे हिरव्या गवताचा भारा सोडत होती. जळालेल्या कडब्यापोटी स्वतःच्या बांधावरचं गवत तिने सकाळपासून कापून आणलं होतं. शेजारी वच्छला होती. मला पाहून ती हसली नाही.

"दोन महिने तुमी काय करून राहिले होते?" तिने विचारलं.

तूप वाढत होतो, हे सांगायची मला लाज वाटली.