साध्या बरणीतले सोंडे

तिने ब्रशचं टोक गव्हातल्या सोंड्याच्या पाठीला लावलं आणि वाट पाहिली. सोंडे मेल्याचं सोंग घेण्यात पटाईत. आपण वहीत ‘मेला’ लिहिलं की हे निघाले फिरायला! पण हा खरंच मेला होता. पन्नासच्या पन्नास मेले होते.

कीड मारायच्या नव्या औषधाच्या बरणीत हे झालं असतं तर तिने आनंदाने उडी मारली असती. ही मात्र साधी बरणी, औषधाचा कणही न घातलेली. इथले सोंडे मजेत जगायला हवे होते.

लॅबचे साहेब मागून डोकावले.

“औषधाशिवायच मेले? मग औषध कशाला हवं, बाई?”

“प्रयोग पुन्हा लावते, साहेब.”

“महिनाअखेरपर्यंत. नाहीतर तुमची नेमणूक वाढवा म्हणून मी कुठल्या तोंडाने सांगू?”

गहू घरचा होता. लॅबमधला संपला, म्हणून तिने घाईघाईत सासूबाईंच्या कोठीतला आणला. त्या कोठीला कधी कीड लागत नाही, अशी ख्याती. “नुसतं ऊन आणि माझा हात,” असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायच्या.

कोठी भरायचे सासरे; घरी येऊन तिने त्यांनाच गाठलं आणि गव्हात काय घालता, ते विचारलं. त्यांनी आधी स्वयंपाकघराकडे पाहिलं.

“हळू बोल गं.”

कपाटामागून त्यांनी एक पिशवी ओढली. तिला बघताक्षणी ओळख पटली. किड्यांच्या अंगातलं पाणी शोषणारी पांढरी माती! नोकरीच्या पहिल्या वर्षी तिने ती सुचवली, तेव्हा साहेब म्हणाले होते, “चुलीत घाला ती.” तिने रागाने घरी आणून टाकली होती.

“माणसांना अपाय नाही, तूच म्हणालीस. ओंजळभर मिसळतो दरवर्षी.”

“अहो बाबा, पण चोरून कशाला?”

“एकदा कोठीत सोंडे झाले, तर ही दोन दिवस जेवली नाही. मला बघवेना.”

तिला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

आत सासूबाई गहू धूत होत्या. पातेल्यातलं पाणी दुधासारखं पांढरं झालं होतं.

“दाखवली का पिशवी?” त्यांनी मान वर न करता विचारलं.

“तुम्हाला माहीत आहे?”

“धुते कोण? तुला तेवढा न धुता दिला, घाईत होतीस. आणि त्यांना सांगू नकोस हं. बिचारे किती जपून करतात!”

महिनाअखेरीस तिने साहेबांसमोर तीन बरण्या ठेवल्या. गहू बाजारातला, स्वच्छ धुऊन वाळवलेला. साध्या बरणीत सोंडे मजेत हिंडत होते. नव्या औषधाच्या बरणीत पन्नासातले बेचाळीस मेलेले. तिसरीत सगळे.

“तिसरीत काय घातलंत?”

“तुम्ही चुलीत घालायला सांगितलेली माती.”

साहेबांनी चष्मा पुसला. मग हात पुढे करून ब्रश मागितला आणि तिसऱ्या बरणीतल्या एका सोंड्याला हळूच डिवचलं. वाट पाहिली. पुन्हा डिवचलं.

सोंडा काही हलला नाही.

“आणा तो नेमणूक वाढवायचा कागद,” साहेब म्हणाले.