ईराचा नेम

शहाळेवाल्यानं कोयत्याचा तिसरा घाव घातला आणि पाणी श्रीकांतच्या बाहीवर उडालं.

"मलाई वाला दिया है, भैया," तो म्हणाला.

त्याच्या बायकोला, रजनीला, मलई आवडायची. पाणी ती त्याला देऊन टाकायची आणि शहाळं फोडून आतली मलई चमच्यानं खरवडून खायची. श्रीकांतनं शहाळं दोन्ही हातांत धरून रस्ता ओलांडला. इंदूरच्या इस्पितळाच्या दारात रजनीच्या वॉर्डातली नर्स उभी होती. ती कधी खाली येत नसे. तिनं आधी शहाळ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"भैया, ये किसी को दे दीजिए," ती म्हणाली.

डेंगीचा ताप होता. आदल्या आठवड्यात रजनी उज्जैनच्या शाळेत मुलींची परेड घेत होती. श्रीकांत शहाळं आणायला निघण्याआधी, सकाळीच, तिनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला होता आणि एकच वाक्य बोलली होती.

"ईराचा नेम चुकू देऊ नका. एवढं बघा."

नर्सनं मास्क परत लावला. श्रीकांत "हो" म्हणाला.

वाक्याचा अर्थ काय, असा प्रश्न त्याला पडला नाही. रजनी शाळेत खेळ शिकवायची, एनसीसीच्या मुली सांभाळायची. कॉलेजात असताना तिनं पॉइंट टू टूची रायफल चालवून पदकं मिळवली होती. दर वर्षी कार्तिक मेळ्यात ती त्यांच्या मुलीला, ईराला, फुग्यांच्या दुकानावर घेऊन जायची. एका वर्षी ईरानं एका ओळीतले सगळे फुगे फोडले, तेव्हा रजनीनं श्रीकांतचा दंड धरून हलवला होता. "बघा, बघा हिचा नेम!" फुगेवाला चिडून म्हणाला होता, "दीदी, अब घर जाओ, मेरा धंधा बैठ जाएगा."

म्हणून रजनी गेल्यावर श्रीकांतनं दोन गोष्टी केल्या. नागद्याच्या रेल्वे ऑफिसातून उज्जैनला बदली मागून घेतली, कारण नागद्याहून तो घरी पोचायचा तेव्हा ईराचं जेवणही झालेलं असायचं. आणि रायफलच्या परवान्यासाठी अर्ज केला. पोलिसांची चौकशी, कलेक्टर कचेरीतल्या फेऱ्या, रायफल क्लबच्या सेक्रेटरीची चिठ्ठी, यात वर्ष उलटून गेलं. तेवढ्यात ईराला बारा वर्षं पूर्ण झाली. क्लबमध्ये बारा वर्षांच्या मुलांना सराव करू देत, फक्त परवाना असलेलं मोठं माणूस शेजारी हवं. परवाना हातात पडला, त्या रविवारी तो रायफल बघायला निघाला.

"बंदूक?" अक्का कणीक मळता मळता थांबली. ती त्याची मोठी बहीण. नानाखेड्याला राहायची आणि रविवारी भावाकडे येऊन दोन दिवसांचं रांधून जायची. "श्री, तू काय करून राहिलास, मला तर काही समजत नाही. पोरीच्या युनिफॉर्मचं बटण तुटलंय, ते आधी लाव."

"लावतो."

"आणि घ्यायचीच तर हवेची घे. मेळ्यात फुगे फोडतात ती. परवान्याची झंझट नाही, काही नाही."

"रजनीची पॉइंट टू टू होती."

"रजनीची नव्हती, सरकारची होती," अक्का म्हणाली आणि मग तिनं उगाच कणकेवर आणखी पाणी शिंपडलं. "पोरीला विचारलंस का?"

"ईरा, जायचं ना?"

दारात चपला घालून उभ्या असलेल्या ईरानं मान डोलावली.

"बघ," श्रीकांत म्हणाला.

"बघ काय? दिवसभर मानच तर हलवते. पार नंदीबैल झालाय पोरीचा."

श्रीकांतला ते बोलणं लागलं. ईरा गप्प झाली होती हे खरं होतं. शाळेतल्या बाईसुद्धा म्हणाल्या होत्या. आई गेलेली मुलगी गप्प होणारच, असं त्यानं धरलं होतं. तो स्वतःही ऑफिसात कामापुरतंच बोलायचा. शिवाय नेमबाजाला शांत स्वभाव लागतो, असं क्लबच्या सेक्रेटरीनं सांगितल्यावर त्याला जरा बरंही वाटलं होतं.

बंदुकांचं दुकान फ्रीगंजमध्ये होतं. दाराला लोखंडी जाळी, आत एकच ट्यूबलाइट. दुकानदार म्हातारा होता आणि गिऱ्हाइकाला आधी परत पाठवायचा प्रयत्न करायची त्याला सवय असावी.

"बच्ची के लिए? तो एयर राइफल ले लो, साब."

"नहीं. पॉइंट टू टू."

परदेशी रायफली काचेच्या कपाटात होत्या. त्यांच्याकडे श्रीकांतनं नुसतं पाहिलं. दुकानदारानं इथल्याच कारखान्यातली एक नवी कोरी रायफल काढून ईराच्या हातात दिली. तिनं ती खांद्याला लावली. थोड्याच वेळात डावं कोपर खाली आलं आणि नळी हळूहळू काउंटरकडे झुकली.

"भारी है," दुकानदार म्हणाला. "बच्चे को भारी बंदूक दोगे तो वो कंधे से लड़ेगा, निशाने से नहीं."

मग तो आतून एक जुनी घेऊन आला. एका वेळी एकच गोळी, हातानं भरायची. दस्त्याचं लाकूड काळपट पडलेलं, पण गुळगुळीत. दस्ता मागून कापून आखूड केलेला होता.

"भैरवगढ़ के एक साब ने लड़के के लिए कटवाया था. लड़का अब बेंगलुरु में है. वहाँ दिन भर माउस का घोड़ा दबाता है." तो स्वतःच हसला.

त्यानं खटका मागे ओढून रिकामी नळी ईराला दाखवली. एक छोटंसं काडतूस काढून त्याची पितळी कड तिच्या बोटाखाली दिली. या काडतुसावर टोला मध्यावर बसत नाही, कडेवर बसतो, म्हणून आवाज लहान आणि धक्काही लहान, असं त्यानं तिला सांगितलं. काडतूस परत डबीत टाकलं. "खाली हो तब भी भरी समझो. हर बार." ईरानं मान डोलावली. त्यानं दस्ता तिच्या कोपराच्या खोबणीत टेकवला. तिची बोटं बरोबर चापापर्यंत पोचली.

ईरानं रायफल उचलली. गाल लाकडाला लावला, एक डोळा मिटला. नळी हलली नाही. रजनीचा कॉलेजातला एक फोटो होता, तो असाच. श्रीकांतनं परदेशी रायफलींच्या कपाटाकडे तोंड फिरवलं आणि काही वेळ तिकडेच पाहत राहिला.

"यही दे दो," तो म्हणाला.

दुकानदारानं रायफल तिच्या हातातून घेतली, पण बांधायला घेतली नाही.

"नाम क्या है, बिटिया?"

"ईरा," श्रीकांत म्हणाला.

"कौन सी क्लास?"

"सातवीं में है."

"अरे साब, बंदूक ये चलाएगी कि आप?" दुकानदार ईराकडे वळला. "सुनो बेटा. रेंज पे कोई सामने आ जाए, या गोली अटक जाए, तो एक ही काम. ज़ोर से बोलना, रुको! सब रुक जाते हैं. मैं हर बच्चे से यहीं बुलवाता हूँ. बोलो."

ईरानं श्रीकांतकडे पाहिलं.

"शरमाओ मत. बाहर सड़क तक जाना चाहिए. रुको!"

ईरानं तोंड उघडलं. ओठ पुढे आले आणि तिथंच थांबले. मानेची शीर ताठ झाली. "रु," असा आवाज आला, पुन्हा "रु", मग आवाजही येईना, नुसती हनुवटी हलत राहिली. डोळे घट्ट मिटले होते. दुकानदार शांतपणे उभा राहिला. श्रीकांतला वाटलं आपण बोलावं, तो शब्द आपणच म्हणून टाकावा. त्यानं काउंटरची कड धरली.

ईरानं तोंड मिटलं.

"लहान असताना अडखळायची," श्रीकांत मराठीतच म्हणाला, मग हिंदीत म्हणाला, "छोटी थी तब था. चला गया था."

दुकानदारानं रायफल फडक्यात गुंडाळली. "रख देता हूँ. किसी और को नहीं दूँगा. जिस दिन रुको बोल दे, उस दिन ले जाना."

बाहेर आल्यावर स्कूटरची किल्ली त्याला सापडेना. ती त्याच्या हातातच होती. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर तो बसला. ईराही बसली, मध्ये एका माणसाची जागा सोडून.

"हे परत कधी सुरू झालं?" त्यानं विचारलं.

ईरा रस्त्याकडे पाहत होती. बोलायला तिला वेळ लागला आणि तो पहिल्यांदाच मध्ये बोलला नाही.

"ग-गेलंच नव्हतं. आम्ही रोज व-वाचायचो ना. मोठ्यानं. म्हणून कमी होतं."

"कोण वाचायचं?"

"मी. तिच्यासमोर. तुम्ही यायच्या आधी." तिनं गुडघ्यावर बोट आपटून दाखवलं. "असं. शब्दाला एक. हळू. एक दिवस च-चुकला तरी ती रागवायची. सुट्टी नाही, त-ताप असला तरी नाही. न... नेम होता."

रस्त्यावरून एक ई-रिक्षा गेली. मागे बसलेल्या बायका कशाला तरी हसत होत्या.

"काय होता?" श्रीकांतनं विचारलं, जरी त्याला नीट ऐकू आलं होतं.

"नेम. रोजचा."

त्यानं किल्ली खिशात घातली. पुन्हा काढली. कार्तिक मेळ्यातले फुगे, कलेक्टर कचेरीतलं बाकडं, साहेबांसमोर तो किती वेळा म्हणाला होता की माझ्या बायकोची शेवटची इच्छा आहे. आणि गेल्या वर्षभरातल्या सगळ्या संध्याकाळी तो नागद्याला नव्हता. घरात होता. दुसऱ्या खोलीत बसून परवान्याच्या कागदांच्या झेरॉक्स लावत होता.

"मला सांगायचंस, बाळा."

"तुम्ही म्हणालात, तिनं श-शूटिंग शिकवायला सांगितलंय." ईरानं पायरीवरचा खडा बोटानं बाजूला केला. "मला वाटलं, तिनं ब-बदललं. वाचून काही होत नाही, असं तिला वाटलं असेल."

"नाही," श्रीकांत म्हणाला. त्याचा आवाज मोठा निघाला. समोरून जाणाऱ्या माणसानं वळून पाहिलं. "तिनं काही बदललं नव्हतं. मला कळलं नाही. तिनं तेच सांगितलं होतं, मी दुसरं ऐकलं."

ईरानं त्याच्याकडे पाहिलं. रजनीच्या आजारपणानंतर ती इतका वेळ त्याच्याकडे पाहत राहिली नव्हती. मग तिनं मान डोलावली, पण या वेळी नुसत्या मान डोलावण्यानं त्याचं भागेना.

"तुला ती नको असेल तर राहू दे," तो म्हणाला. "बंदूक."

"आवडली मला. तिथं ब-बोलावं लागत नाही."

"लागतं," श्रीकांत म्हणाला. "ऐकलंस ना आत्ता?"

ईराच्या तोंडावर हसू यावं तसं काही आलं. "तो आ-आजोबा खडूस आहे," ती म्हणाली.

घरी अक्का निघायच्या तयारीत होती. तिनं दोघांचे रिकामे हात पाहिले. "मिळाली नाही?"

"ठेवली आहे त्यानं."

"बरं झालं," अक्का म्हणाली, आणि भावाच्या तोंडाकडे बघून पुढचं गिळलं. युनिफॉर्मचं बटण तिनंच लावून ठेवलं होतं.

दिवे लागल्यावर ईरानं तिच्या कपाटातून एक जुनं गोष्टींचं पुस्तक काढलं. मराठी वाचायला तिला रजनीनंच शिकवलं होतं. शाळेत सगळं हिंदी आणि इंग्रजी. श्रीकांत सतरंजीवर तिच्यासमोर बसला. कुठे बसायचं, हेही तिनंच दाखवलं.

"तुम्ही बोट ठेवायचं. माझ्या हातावर. अ-अडलं की उचलायचं नाही. आणि शब्द सांगायचा नाही."

"मग काय करायचं?"

"काही नाही. थांबायचं."

गोष्ट हरणाच्या पाडसाची होती. ईरा वाचू लागली. एका शब्दाला त्याच्या बोटाचा एक ठोका. पहिल्या चार ओळींत ती तीनदा अडली. श्रीकांतला घाम आला. प्रत्येक वेळी शब्द त्याच्या ओठांवर येत होता आणि तो दात आवळत होता. पाडस रानात मागे पडलं. गवत उंच होतं. पाडसानं मान वर करून पाहिलं. पुढचे शब्द जरा सरळ गेले. एक अख्खी ओळ न अडता गेली आणि त्याचं बोट चुकून दोनदा आपटलं. ईरानं पुस्तकातून वर न बघता त्याच्या बोटावर चापट मारली.

"प-पाडस ओरडलं. गवत हललं. आणि समोरून त्याची," ईरा म्हणाली आणि थांबली.

श्रीकांतनं पुस्तकात पाहिलं. पुढचा शब्द 'आई' होता.

त्यानं बोट उचललं नाही. ईराचं तोंड उघडं होतं. गळा हलला. आवाज आला नाही. तिनं श्वास सोडला, पुन्हा घेतला. शेजारच्या घरात कुकरची शिटी झाली, मग दुसरी. सकाळपासून ईरा रजनीला 'ती' म्हणत होती, 'तिनं' म्हणत होती. कालही, आणि त्याच्या आधीही. तिच्या तोंडून 'आई' ही हाक शेवटची कधी ऐकली, ते श्रीकांत आठवू लागला, पण आठवेना.

"उद्या," शेवटी तो म्हणाला.

ईरानं पान उलटलं. पुढचं पान तिनं शेवटपर्यंत वाचलं. मागच्या पानावरचा तो एक शब्द वाचायचा राहिला.