नदीपलीकडे ठेवलेली

मी एक बोट बोलतेय. लाकडाची, छोट्या केबिनची, दोघांना बसायला आणि एकाला पाय पसरायला पुरेल एवढी. बोट बघायला आलेला माणूस आधी लांबी विचारतो, मग इंजिन, मग किंमत. माझ्या मालकाचा पहिला प्रश्न वेगळाच होता, आणि त्या प्रश्नापायी माझी बरीच वर्षं एका काठाला गेली.

माझा जन्म ओरेगॉनच्या समुद्रकाठचा. दोन भावांनी मला एका पत्र्याच्या शेडमध्ये बांधलं. कशावरून तरी त्यांचं बिनसलं होतं आणि एकमेकांशी ते बोलत नसत. एकाने फळी बसवली की दुसरा मुकाट्याने येऊन ती ठोकून बघायचा आणि मनासारखी नसली तर काढून पुन्हा बसवायचा. त्यांच्या त्या अबोल्यात माझे सांधे मात्र घट्ट झाले.

मला पहिल्यांदा घेतलं पोर्टलंडच्या एका दातांच्या डॉक्टरने. त्याला बोट लागायची. दोन उन्हाळे तो हिरवा चेहरा घेऊन माझ्यात बसला, तिसऱ्या उन्हाळ्यात त्याला घोडे आवडायला लागले आणि माझ्या काचेवर ‘विकणे आहे’ची पाटी चढली.

हॅल्वर ऑस्टरवोल्ड आला तेव्हा पाऊस पडत होता. हाडापेराने थोराड, कागदाच्या गिरणीत उभा जन्म काढून नुकताच निवृत्त झालेला माणूस. माझ्या तळाला त्याने बोटांची पेरं वाजवून बघितली, वाकून वास घेतला आणि डॉक्टरला विचारलं, “ओरेगॉनात घेतली तर विक्रीकर नाही ना?”

“आमच्याकडे ती भानगडच नाही,” डॉक्टर म्हणाला.

“मग घेतली.”

आता यात अडचण अशी की हॅल्वरचं घर ओरेगॉनात नव्हतं. कोलंबिया नदीच्या या काठाला ओरेगॉन, आणि समोर, नदीच्या पोटात, प्युजेट बेट. ते बेट वॉशिंग्टन राज्याचं. तिथे कर आहे. आणि इकडे बिनकराची घेतलेली वस्तू तिकडे नेऊन वापरायची म्हटली, की तिकडचं सरकार म्हणतं, आधी आमचं काय ते द्या. हॅल्वरला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याने मला तिकडे न्यायचंच नाही असं ठरवून टाकलं होतं.

मी त्याला कंजूष म्हणणार नाही. त्याची गिरणी ओरेगॉनच्या काठाला होती, त्यामुळे पगारावरचा कर आयुष्यभर ओरेगॉनने कापला. घर वॉशिंग्टनमध्ये, त्यामुळे घरात आणलेल्या प्रत्येक खिळ्यावर वॉशिंग्टनने घेतला. “दोन्ही काठांनी मला सोललं,” तो म्हणायचा. “आता एक बोट मी या दोघांच्या मधून काढून दाखवतो.” एकदा एखादी गोष्ट डोक्यात बसली की ऑस्टरवोल्ड घराण्यात ती सहसा निघत नाही.

तर मी ओरेगॉनच्याच काठावरच्या वेस्टपोर्टच्या खाडीत, बर्निस टटल नावाच्या विधवेच्या धक्क्याला बांधली गेले. दर रविवारी चर्च आटोपून हॅल्वर बेटावरून फेरीबोटीत बसायचा आणि नदी ओलांडून माझ्याकडे यायचा. स्वतःच्या बोटीत बसायला दुसऱ्याच्या बोटीतून येणारा माणूस त्या नदीवर तो एकटाच. फेरीवरचे लोक त्याला सोडत नसत. बेटावर बोभाटा झाला होता की ऑस्टरवोल्डने म्हातारपणी नदीपलीकडे एक ठेवलीय. खुद्द त्याची बायको सिग्ने त्याला डबा देताना म्हणायची, “जा, तिला म्हणावं, माझा नवरा रात्री जेवायला घरी येईल.” हे तोच बर्निसला सांगायचा आणि कानापर्यंत लाल व्हायचा.

“अरे, धक्क्याचं भाडं देतोस, फेरीचं भाडं देतोस,” बर्निस एकदा म्हणाली. “त्यात तो कर कधीच फिटला असता. हिशेब येतो ना तुला?”

“प्रश्न पैशाचा नाही, बर्निस.”

“मग कशाचा?”

“तत्त्वाचा.”

“तत्त्वाला घरी घेऊन जा आणि बोट इथे ठेव. मला भाडं मिळाल्याशी कारण.”

खरं तर पैशाचाही प्रश्न होता. बोट पहिल्यांदा त्या राज्यात जाईल त्या वेळी तिची जी किंमत असेल, तिच्यावर कर लागतो असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. म्हणून तो थांबला होता. मी जुनी व्हायची वाट बघत होता. दर वसंतात माझ्या अंगावरून हात फिरवून तो समाधानाने म्हणायचा, “अजून उतरलीस.” प्रेमानेच म्हणायचा. पण ज्याच्यासाठी आपण रंग धरून राहतो तोच आपल्या म्हातारपणावर डोळा ठेवून आहे, हे ऐकायला बरं वाटत नाही. मला फार एकटं वाटायचं. सोमवार ते शनिवार मी त्या खाडीत दोर ताणून समोरचं बेट बघत राहायचे.

सिग्ने मात्र माझ्यात कधी बसली नाही. ती बेटावरच जन्मलेली, मासे धरणाऱ्यांच्या घरातली. पोरवयात वडिलांच्या होडीत जाळी ओढलेली. तिचं म्हणणं साधं होतं. “पाहुणी म्हणून परक्या धक्क्यावर नाही यायची मी. आपल्या धक्क्याला आण, मग बसेन.” हॅल्वर म्हणायचा, पुढच्या वर्षी. हट्टात तीही त्याच पाण्याची.

यातून दोघांनी एक रीत काढली. नदीच्या मधोमध, जिथून जहाजं जातात त्या वाटेवर, खुणेचा एक हिरवा बोया तरंगतो. त्याच्या पलीकडे वॉशिंग्टन, असं हॅल्वरने आपल्यापुरतं धरलं होतं. रविवारी दुपारी तो मला बोयापर्यंत न्यायचा, इंजिन बंद करायचा आणि टोपी उंच धरायचा. तिकडे बेटावर, त्यांच्या घराखालच्या रिकाम्या धक्क्यावर, सिग्ने यायची आणि दोन्ही हात हलवायची. मग आम्ही मागे फिरायचो. तिने दिलेल्या डब्यातला धुरावलेला रावस आणि वेलदोड्याचा पाव तो परतताना एकटाच खायचा. संध्याकाळी घरी गेल्यावर ती त्याला सांगायची, आज टोपी छान दिसली, किंवा आज बोट जरा झुकलेली वाटली, आणि पुढच्या रविवारी तो माझं वजन इकडचं तिकडे करायचा.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. त्या काळात हॅल्वर माझ्याशी खूप बोलला. बायकोशी बोलायचं तेच तो माझ्याशी बोलत असावा असं मला कधीकधी वाटायचं, आणि मग मला तिची कीव यायची.

मग एका एप्रिलमधला रविवार आला. रावसांचा हंगाम, नदीवर गर्दी. आम्ही बोयापाशी थांबलो, हॅल्वरने टोपी वर केली. सिग्ने धक्क्यावर आली होती आणि हात हलवत होती, पण आमच्याकडे नव्हे. प्रवाहाच्या वरच्या अंगाला एका पांढऱ्या बोटीत चार अनोळखी पोरं गळ टाकून बसली होती. ती त्यांच्याकडे बघून हात हलवत होती, नेहमीसारखी, मन लावून. पोरांनीही हसून तिला हात केले. एकाने तर बिअरचा डबा उंचावला.

हॅल्वर टोपी धरून तसाच उभा राहिला. “सिग्ने,” तो म्हणाला, पण हाक मारल्यासारखं नाही. प्रवाहाने मला बोयापासून बरंच खाली नेलं तरी त्याने इंजिन लावलं नाही.

तो पुन्हा आला तो बुधवारी. इतक्या वर्षांत मी त्याला बुधवारी पाहिलेलं नव्हतं. बर्निसही दोर गुंडाळता गुंडाळता थांबली.

“डोळे गेलेत तिचे,” तो म्हणाला. “कडेकडेचं थोडं दिसतं. समोरचं नाही.”

“कधीपासून?”

“दोन वर्षं झाली म्हणे. डॉक्टरकडे बहिणीबरोबर गेली होती, मला बोलली नाही.”

“आणि दर रविवारी तुला सांगायची ते? टोपी छान दिसली, बोट झुकली?”

“मी विचारलं तिला. दिसत नव्हतं तर हात कशाला करायचीस? म्हणाली, तू तिथे असणार हे माहीत होतं ना.”

बर्निसने दोर खाली टाकला. तिने कॉफी आणून त्याच्या हातात दिली. ती त्याने तशीच थंड होऊ दिली आणि माझे कागद खिशात घालून तो गेला.

कर भरायला वेळ लागला नाही. कचेरीतल्या बाईंनी माझं वय विचारलं, फोटो बघितले आणि एक किंमत लावली. इतकी वर्षं हॅल्वर ज्या आकड्याची वाट बघत होता, त्याच्याही खालची. परत आल्यावर बर्निसने विचारलं, किती बसला?

“स्वस्तात सुटलो,” तो म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून बराच वेळ नाक पुसत राहिला.

त्या शनिवारी आम्ही बोया ओलांडला. तिकडचं पाणी इकडच्यासारखंच होतं. मी इतकी वर्षं काय काय कल्पना केली होती, पण खरंच, एका थेंबाचाही फरक नव्हता.

सिग्ने धक्क्यावर उभी होती. इंजिनच्या आवाजाकडे कान करून ती दोन पावलं पुढे आली आणि खाली बसून तिने माझी कड चाचपली. मग केबिनची काच, मग छप्पर.

“एवढीशीच?” ती म्हणाली. “हिच्यापायी गावभर बदनाम झालास होय रे?”

हॅल्वरने तिला धरून आत घेतलं. किती हलकी होती ती! “कुठे नेऊ?” त्याने विचारलं. “तुझ्या जागी ने,” ती म्हणाली.

नदीच्या मधोमध, बोयापाशी, त्याने इंजिन बंद केलं. “इथे,” तो म्हणाला. ती दुसरीकडेच तोंड करून बसली होती. त्याने तिचे खांदे धरून तिला घराच्या दिशेने वळवलं.

“मी कशी दिसायचे इथून?”

खोटं त्याला कधी जमलं नाही.

“लहान,” तो म्हणाला. “हात हलताना दिसायचे. चेहरा दिसायचा नाही.”

“म्हणजे तुलाही दिसत नव्हतं,” सिग्ने म्हणाली. तिने त्याचा हात शोधला आणि तो धरून ती बसून राहिली. मी हळूहळू खाली वाहत होते, आणि दोघांपैकी कुणालाही परतायची घाई नव्हती.

आता मी त्यांच्या धक्क्याला असते. थंडीत सिग्नेला खाली उतरवत नाही, तेव्हा माझे दिवस पुन्हा लांबतात. माझा तळ एका जागी मऊ पडलाय आणि किंमत विचाराल तर आणखी उतरलेय, पण ती आता कुणी काढत नाही. ऊन पडलं की दोघं येतात. ती विचारते आणि तो काठ सांगतो: कुणाचं कुरण कापलं, कुठल्या झाडावर घार बसली, फेरी निघाली की नाही. त्याला सांगता येत नाही धड. ती रागावते, तो पुन्हा सांगतो.

तुमचं कधी त्या नदीवर येणं झालं, आणि मधोमध इंजिन बंद करून थांबलेली एक जुनी बोट दिसली, तर बिघडली समजून मदतीला येऊ नका. लांबून जा, आणि आपलं इंजिन जरा हळू ठेवा. म्हाताऱ्याचा आवाज बारीक आहे, आणि तिला त्यातला शब्दन्‌शब्द हवा असतो.