भिंतीवरचे पाणी

सकाळी सातच्या सुमारास आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाणी हलू लागायचे. आमचे घर टेकाडावर, आणि पूर्वेच्या अंगाला खाली तात्यांचे शेततळे. कोवळे ऊन त्या काठोकाठ पाण्यावर पडे, तिथून उसळून खिडकीतून आत शिरे आणि फडताळापासून छतापर्यंत सोनेरी, थरथरत्या रेषांचे जाळे विणत राही. पाहुण्यांना ते दृश्य फार आवडायचे. त्याच भिंतीखालच्या पिंपात मात्र तळाशी दोन तांबे पाणी असायचे, आणि माझी पत्नी सुनंदा भिंतीकडे पाठ करून चहा ठेवायची.

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पिंपरी पेंढारच्या शिवारात त्यांच्याइतका मृदू बोलणारा माणूस शोधून सापडायचा नाही. परीटघडीची टोपी, बोलण्याआधी क्षणभर मिटणारे डोळे, आणि मार्गशीर्षातल्या उन्हासारखा, ऐकत राहावासा वाटणारा आवाज. आडपडदा कशाला ठेवू? मला या माणसाचा संताप येतो, आणि तो त्यांच्या या सौजन्याचाच येतो. खेकसणाऱ्या माणसाशी निदान भांडता तरी येते.

आमची विहीर सामाईक. आजोबांच्या काळापासून चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. पाळी संपते त्या संध्याकाळी, सूर्य डोंगराला टेकला की तात्या मोटारीच्या पेटीची किल्ली घेऊन येतात आणि प्रसाद द्यावा तशी ती सुनंदाच्या हातावर ठेवतात. एवढ्या वर्षांत त्यांनी घटकाभरही जास्त घेतलेली नाही. ज्यांनी ही पाळी बांधली त्यांनी दिवस मोजले, पाणी मोजले नाही, कारण मोजायची गरजच नव्हती. वाफे भरले, जमीन भिजली, की ती आपणहून पुरे म्हणायची. मोटार थांबायची, झरे पुन्हा पाझरू लागायचे आणि उरलेले सगळे दुसऱ्या घराच्या पाळीला मिळायचे. आमच्या दोन घरांतला सलोखा खरे तर जमिनीच्या त्या तृप्तीवर उभा होता, आणि आम्हाला वाटत होते की तो आमच्या चांगुलपणावर उभा आहे.

मग पाण्याच्या कारभारात सुधारणा करायची, येणाऱ्या पिढ्यांसाठी पाणी राखायचे, असे वारे सुरू झाले. सरकारी साहेब आले, देवळापुढे पडदा लागला, चित्रे दाखवली गेली; आणि त्या सभेत सर्वांत लांबलचक भाषण मी केले. मी अभियांत्रिकीच्या मुलांना जलसिंचन शिकवतो, तेव्हा न बोलून कसे चालेल? पावसाचे वाहून जाणारे पाणी अडवा, साठवा, असे मी घसा ताणून सांगितले. तात्यांच्या तळ्याची आखणीही मीच केली, स्वतःच्या हाताने फक्की टाकून.

पावसाचे पाणी त्या तळ्यात किती उतरले ते आभाळालाच ठाऊक. तात्यांनी विहिरीतून तळ्यात पाइप नेला. त्यांच्या पाळीचे चारही दिवस मोटार घुमू लागली. जमीन पुरे म्हणते, तळ्यात अंथरलेले निळे प्लास्टिक कधीच म्हणत नाही. आमची पाळी उजाडायची तेव्हा विहिरीत गाळ आणि दोन बेडूक असायचे. मी एकदाच विचारले, “तात्या, आमच्या वाट्याला काय ऱ्हायलं?”

त्यांनी डोळे मिटले, उघडले. “पाळी कवा मोडली का मी? घटकाभर तरी? सांग ना बाबा.” मग खांद्यावर हात ठेवून, अगदी मायेने, “आन् साठवा म्हणून तूच तर सांगितलं व्हतंस.”

त्या हाताचे ओझे अजून उतरलेले नाही. दर हिवाळ्यात माझ्याच विद्यार्थ्यांची बस ते तळे पाहायला यायची. तात्या काठावर उभे राहून सांगायचे, “थेंब न् थेंब जपाय लागतो, पोरांनो,” मुले वहीत उतरवून घ्यायची आणि मी, त्यांचा सर, बाजूला उभा राहून मान डोलवायचो.

सुनंदाने ओतूरहून रोपे आणून लावलेली डाळिंबाची बाग दोन उन्हाळे जीव धरून होती. तिसऱ्या उन्हाळ्यात ती मुळापासून काढावी लागली. त्या सकाळीही भिंतीवर ते सोनेरी जाळे नाचत होते, आणि सुनंदाने खिडकीला जुने लुगडे बांधून टाकले.

तळ्याच्या भरवशावर तात्यांनी द्राक्षाचे क्षेत्र दुप्पट केले होते. यंदा चैत्रातच विहिरीचा तळ उघडा पडला. त्यांच्या पाळीत मोटारीने नुसती हवा ओढली. तळ्यातले अर्धे बागेने प्यायले, अर्धे उन्हाने, आणि खाली सुरकुतलेले प्लास्टिक तेवढे राहिले. तरी चौथ्या संध्याकाळी, सूर्य डोंगराला टेकताना, तात्या आले. टोपी तशीच, आवाज तसाच. त्यांनी किल्ली पुढे केली. “घे पोरी. उद्यापासनं तुमची पाळी.”

सुनंदाने हात पदराखालून काढलाच नाही. “ऱ्हाऊ द्या, तात्या. आमची पाळी बी तुमीच घ्या आता.”

त्यांचे डोळे मिटले ते बराच वेळ उघडले नाहीत. मी त्यांना बसा म्हटले नाही, आणि त्याचा मला पश्चात्तापही नाही. किल्ली उंबऱ्यावर ठेवून ते उतरणीने गेले. खिडकीवरचे लुगडे आता सोडले आहे. ऊन येते, भिंत पांढरी आणि निश्चल असते, तरी सातच्या सुमारास माझी नजर तिकडे जातेच. गेलेल्या माणसाची आठवण काळ हळूहळू पुसून टाकतो. आपल्या डोळ्यांदेखत नेलेल्या, आणि आपणच वाट आखून दिलेल्या पाण्याची आठवण त्याला पुसता येत नाही, आणि मलाही ती पुसू द्यायची नाही.