उत्तरपूजेआधी सोडलेली गाठ

मला लोक आग्यावेताळ म्हणतात. म्हणोत. चाळीस वर्षं संस्कृत शिकवूनही माणूस गोड राहिला, तर त्याने नीट शिकवलं नसणार असं माझं मत आहे. पण ज्या गोष्टीवरून रत्नागिरीत अजून माझ्याबद्दल कुजबुज चालते, ती काही रागाच्या भरात झालेली नाही. पूर्ण शुद्धीत केली, म्हणून सांगतो.

साल १९३४. आमचं कॉलेज म्हणजे जांभ्या चिऱ्याच्या चार खोल्या आणि मागे एक पडवी. प्राध्यापक सहा, मुलं त्रेसष्ट. पण कामं बघाल तर मोठ्या कॉलेजांनी मान खाली घालावी! रसायनवाल्या भाटकर मास्तरांनी खाडीकाठच्या विहिरींचं पाणी तपासून खारेपणाची कोष्टकं केली होती. दमयंती ही कॉलेजातली एकुलती एक मुलगी. तिने बंदरावर उतरणारे एकशे चाळीस मासे रंगवले होते, खवल्या-खवल्यासकट. इतिहासवाल्यांनी दाभोळ बंदरावर नाटक लिहिलं होतं. मला ते आवडलं नाही, पण लिहिलं होतं. आणि मुसाची वही होती.

मुसा दाभोळचा. त्याचा बाप अयूब गलबतावर तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या. पोरगं इथे राजिवड्यात खतिजामावशीकडे राहून शिकायचं. त्याने खलाशांच्या बोलण्यातले अकराशे शब्द गोळा केले होते, वाऱ्यांचे, दोरांचे, लाटांचे. वर हा पठ्ठ्या माझ्याकडे संस्कृतही शिकत होता.

माझं स्वतःचं काम म्हणजे केळशीच्या एका जोशांच्या माळ्यावर सापडलेली पोथी. गलबत कधी हाकारावं, कुठल्या वाऱ्यावर भरवसा ठेवू नये, असं सांगणारा ग्रंथ. अकरा वर्षं तीन प्रती ताडून मी तो शुद्ध करत होतो. त्यातले सात श्लोक काही केल्या लागत नव्हते. एकदा मुसाला सहज वाचून दाखवले, तर म्हणतो कसा, "शास्त्रीबुवा, हे तर आमचे अब्बा रोज बोलतात." चार दिवसांत सातही श्लोक सुटले. त्या दिवसापासून तो माझा कोण झाला, ते सांगत बसत नाही.

आमचा इंटरचा, म्हणजे दुसऱ्या वर्षाचा, वर्ग जूनपासून तात्पुरत्या परवानगीवर चालला होता. युनिव्हर्सिटीची कमिटी येणार, कॉलेजात काय काम होतं ते बघणार, आणि नको म्हणाली तर वर्ग बंद. बाकीची पोरं पुण्या-मुंबईला गेली असती. मुसा गेला नसता. अयूबने त्याला कळवून टाकलं होतं, इंटर रत्नागिरीत असेल तर शीक, नाहीतर दिवाळीला माझ्याबरोबर गलबतावर चल. आणि अयूबचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

कमिटी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार अशी तार आली. मी म्हटलं, वा! त्याआधी सरस्वतीपूजन. दरवर्षी आम्ही एकेका विषयाचं एकच पुस्तक पूजेत ठेवायचो. यंदा मी फर्मान काढलं, कॉलेजात झालेलं सगळं काम देवीपुढे ठेवायचं, एकही कागद बाहेर राहता कामा नये. आईचा हात फिरू दे सगळ्यावर, मग बघू कमिटी काय करते.

भाटकर कुरकुरले. "शास्त्रीबुवा, कोष्टकांची एक नक्कल तरी बाहेर ठेवू?"

"देवीला नक्कल आणि साहेबाला अस्सल? की उलट?" मी असा ओरडलो की बिचाऱ्यांनी दोन्ही आणून दिल्या.

मुसाची वही मी सगळ्यात वर ठेवली. गावातल्या दोघांनी नाक मुरडलं, त्यांना मी वाटेला लावलं. मुसाने घरी विचारलं होतं. खतिजा म्हणाली, इल्म, म्हणजे विद्याच आहे ना, ठेव. सगळ्याचा मिळून गठ्ठा लाल बासनात बांधला, गाठ मी मारली.

एकदा पुस्तकं पूजेला बसली की उत्तरपूजा होईपर्यंत वाचायचं नाही, लिहायचं नाही, शिकवायचं नाही. हा नियम माझा नव्हे, शास्त्राचा. चाळीस वर्षांत मी तो एकदाही मोडला नव्हता. उत्तरपूजा श्रवण नक्षत्रावर, आणि श्रवण लागत होतं दसऱ्याच्या दुपारी.

नवमीला सकाळी शिपाई केरू धापा टाकत आला. "शास्त्रीबुवा, सायब लोक आलं हायत! बंदरावं पडावातनं उतरलं!"

पुढची आगबोट रद्द झाली म्हणून मंडळी दोन दिवस आधीच निघाली होती. दुसरी तार आम्हाला पोचलीच नाही. परतीची बोट दसऱ्याला सकाळी आठला. म्हणजे माझी गाठ सुटायच्या आत कमिटी समुद्रात! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तिघं होते. अध्यक्ष मुंबईचे, कोट-टायवाले, नाकावर चष्मा. एक विज्ञानाचे प्रोफेसर. आणि तिसरे पुण्याचे पंडित, ज्यांचं नाव ऐकून मी हयातभर संस्कृत केलं, ते. रिकामी कपाटं बघून अध्यक्षांनी भुवया चढवल्या. प्रिन्सिपॉलांनी सगळं समजावलं. दमयंती उभी राहून माशांबद्दल बोलू लागली. पोर छान बोलत होती हो, पण अध्यक्षांनी हात वर केला.

"बाई, ऐकीव गोष्टी मला अहवालात लिहिता येत नाहीत. मला कागद दाखवा. चार वाजेपर्यंत थांबतो. नाही दिसले तर काम नाही असं लिहीन."

दीड वाजला होता. प्रिन्सिपॉलांनी मला बाजूला घेतलं. एरवी ताठ मानेचा माणूस, पण हात जोडून उभा. "शास्त्रीबुवा, गाठ तुम्ही मारलीत. मी हुकूम करणार नाही. पण मुलांकडे बघा."

"मुलांकडेच बघतोय!" मी खेकसलो. काय करणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

वाटलं, पंडितजी काही पळवाट काढतील. शास्त्रात पळवाटा असतात, आम्हीच काढतो त्या. पण ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "तुमचं बरोबर आहे. मी असतो तर मीही सोडली नसती." झालं! पुढे म्हणाले, "तुमच्या केळशीच्या पोथीबद्दल ऐकलं होतं. खरं सांगू, तेवढ्यासाठीच या वयात बोटीत बसलो. डोळे चाललेत. या हिवाळ्यात काशीला जाऊन राहणार. एकदा नजरेखालून गेली असती, तर छापण्यासाठी चार शब्द लिहून दिले असते." अकरा वर्षं ज्या वाक्याची वाट बघितली ते वाक्य हे असं कानावर आलं.

तीन वाजले. मी बाहेर आलो. मुसा पायरीवर बसला होता. खाली खाडीत दोन गलबतं नांगरलेली, त्यांच्याकडे बघत होता.

"काय बघतोस रे शिंच्या?"

"काही नाही, शास्त्रीबुवा."

"तुझीच वही सगळ्यात वर आहे. माग की मला! भांड! गप्प काय बसतोस?"

तो उभा राहिला. "तुम्ही देवीपुढे ठेवलीत. मी कसा मागू? गलबतावरही बरे दिवस जातात." आणि हसला. मेल्याचे डोळे भरलेले, आणि हसतोय.

खरं सांगतो, त्या क्षणी मला शास्त्राचा, कमिटीचा, आगबोटीचा, सगळ्यांचा राग आला आणि सगळ्यात जास्त माझाच आला. चूक कोणाची? सगळं काम एका गठ्ठ्यात कोंबायची हौस कोणाची? माझी. आणि गलबतावर कोण जाणार? हा.

मी विहिरीवर गेलो, दोन घागरी डोक्यावर ओतल्या आणि ओल्या पंचानेच पूजेच्या खोलीत शिरलो. मागोमाग सगळे आले. देवीपुढे हात जोडले. काय बोललो ते तिला माहीत. मग गाठीला हात घातला. गाठ सुटेना. कोणीतरी चाकू पुढे केला, मी त्याच्यावर डोळे वटारले. अखेर दातांनी सोडवली.

मुसाची वही उचलली आणि त्याच्यापुढे धरली, तर तो हात पुढे करीना. तेव्हा मीच उघडली, आणि उभ्याउभ्या पहिलं पान मोठ्याने वाचलं. चाळीस वर्षांत पूजेच्या दिवशी मी पहिल्यांदा वाचलं, ते एका खलाशाच्या पोराने लिहिलेलं. पाठीमागे कोणीतरी "राम राम राम" म्हणालं. मी थांबलो नाही.

मग सगळं भराभर बाहेर आलं. दमयंतीचे मासे बघून विज्ञानाचे प्रोफेसर खाली फरशीवरच बसले. भाटकरांची कोष्टकं, नक्कल अन् अस्सल दोन्ही, टेबलावर गेली. नाटकसुद्धा गेलं. मुसाची वही अध्यक्षांनी अर्धा तास खाली ठेवली नाही. एकेक शब्द विचारत होते, आणि मुसा सांगत होता.

चारला दहा मिनिटं कमी असताना पंडितजी माझ्याजवळ आले. "आणि आपला ग्रंथ?"

तो बासनातच होता, सगळ्यात तळाशी. मी त्याच्यावर हात ठेवला आणि लाल फडकं पुन्हा घडी घालून वर ओढलं.

"तो नाही निघायचा."

"अहो, गाठ तर सुटली. आता काय राहिलं?"

"पोरांसाठी नियम मोडला, ते देवीला सांगता येईल. माझ्या नावासाठी मोडला, तर कुठल्या तोंडाने सांगू?"

त्यांनी वाकून नमस्कार केला, मला, की बासनाला, कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बोट गेली. दुपारी श्रवण लागलं, मी उत्तरपूजा केली आणि रात्री जेवलो नाही. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. घास उतरला नाही, म्हणून.

अहवाल कार्तिकात आला. प्रिन्सिपॉलांनी इंटरच्या वर्गात येऊन मुलांसमोर वाचला. वर्गाला कायम मान्यता. पोरांनी बाकं बडवली. 'खलाशी शब्दांचा संग्रह अत्यंत मोलाचा.' पुन्हा बाकं. मासे, पाणी, नाटक, सगळ्यांची नावं होती. मग प्रिन्सिपॉल अडखळले. मी म्हटलं, "वाचा, वाचा."

"'संस्कृत विभागाचे कोणतेही काम समितीच्या पाहण्यात आले नाही. विभागप्रमुखांनी अधिक उद्योग करावा.'"

मुसा ताडकन उभा राहिला, चेहरा लाल. "हे खोटं आहे, सर! मी लिहितो त्यांना! अकरा वर्षं शास्त्रीबुवांनी..."

लागलं. खोटं कशाला सांगू, फार लागलं. पंडितजी तोवर काशीला गेले होते, आणि माझी पोथी दुसरं कोण वाचणार होतं? पण पोरगं समोर उभं होतं, दिवाळी उलटून गेली होती, आणि ते गलबतावर नव्हतं, वर्गात होतं. आणखी क्षणभर तसाच राहिलो असतो तर पोरांसमोर रडलो असतो, म्हणून ओरडलो.

"बस खाली, शिंच्या! आणि पुस्तक उघड."